जात्यापाशी रेकॉर्डर

माझ्या भाच्याला त्याच्या आजीच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. आजी म्हणजे माझ्या वहिनीची आई. मुळशी तालुक्यातल्या एका गावात राहते, थकली आहे, पण गळा अजून खणखणीत आहे. दुसऱ्यांनी केलेली ध्वनिमुद्रणं ऐकून शब्दन्‌शब्द कागदावर उतरवणं हे माझं कित्येक वर्षांचं काम, म्हणून तो माझ्याकडे आला. आम्ही पुण्यात येरवड्याला राहतो, डेक्कन कॉलेजजवळ. आल्याआल्या त्याने खिशातून फोन काढला आणि म्हणाला, ‘याच्यावर होईल ना?’ मी माझा छोटा रेकॉर्डर टेबलावर ठेवला. पुढे दुपारभर बोलणं झालं, त्यातला कामाचा भाग इथे देते. वाद पुरता मिटलेला नाही. पण ज्यांच्या घरात असा एखादा आवाज आहे, त्यांनी हा वाद ऐकावा असं मला मनापासून वाटतं.

भाचा : आत्या, फोनमध्ये कमी काय आहे ते तरी सांग. लोक फोनवर सिनेमे काढतात.

मी : फोनचा माइक कशासाठी बसवलाय? तू रस्त्यावरून बोललास तरी पलीकडच्याला तुझे शब्द कळावेत म्हणून. त्यामुळे मागचा आवाज दाबायचा, हळू बोलणं वर उचलायचं, मोठं बोलणं खाली बसवायचं, हे सगळं तो तुला न विचारता करत असतो. त्याच्या हिशेबी जात्याची घरघर म्हणजे गोंगाट. सतत एकसारखा चालणारा आवाज दिसला की तो पुसायला घेतो. पुसताना आजीच्या गळ्याचाही थोडा भाग पुसला जातो.

भाचा : शब्द तर कळतील?

मी : कळतील. पण ‘चार’ आणि ‘चारा’ म्हणून बघ. पहिल्यातला च टाळूचा, दुसऱ्यातला दातांचा. हा फरक फार वरच्या कंपनांत असतो. आवाज दाबून लहान केला की आधी तीच कंपनं जातात. व्हॉट्सॲपवरून आलेल्या बोलण्यात मला कितीदा च कुठला तो कळत नाही, अंदाजाने लिहावं लागतं. मुळशीकडची बायकांची बोली अंदाजाने लिहायची असेल तर ध्वनिमुद्रण करायचं कशाला?

भाचा : माझ्या आजीच्या च-वर कोणी प्रबंध लिहिणार नाहीये, आत्या. मला तिचा आवाज हवाय. माझ्या मुलांना ऐकवायला.

त्याचं हे म्हणणं मी हलकं समजत नाही. घरासाठी ठेवलेला आवाज आणि अभ्यासासाठी ठेवलेला आवाज वेगळा, असं पुष्कळांना वाटतं. माझा अनुभव असा की पन्नास वर्षांनी हा भेद उरत नाही. घरच्यांसाठी लिहिलेली पत्रं पुढे इतिहासाच्या कामाला येतात. आवाजाचंही तसंच होतं, मात्र तो ऐकू येण्याजोगा राहिलेला असावा लागतो.

मी त्याला हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या कामाबद्दल सांगितलं. मावळ-मुळशीच्या डोंगरी भागातल्या कष्टकरी बायकांमध्ये काम करताना या दोघांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. ते काम वाढत महाराष्ट्रभर गेलं आणि हजाराहून जास्त गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे आणि संगणकाचे अभ्यासक त्यांना येऊन मिळाले, आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण डिजिटल टेपवर झालं. प्वातवँ २००४मध्ये गेले, राईरकर २०१०मध्ये. २०१७पासून ‘पारी’ने, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने, त्या ओव्या गाणारणीच्या नावागावासह लोकांपुढे आणायला सुरुवात केली.

भाचा : म्हणजे तूच माझी बाजू मांडलीस. लाखभर ओव्या वहीत उतरल्या, तेव्हा कोणाच्या हातात तुझा रेकॉर्डर होता? काम माणसांनी केलं. गावातल्या बायकांनी दुसऱ्या बायकांकडून ऐकलं, लिहिलं. तू मला यंत्राच्या मागे लावशील आणि मी आजीकडे बघायचं सोडून आकडे बघत बसेन.

मी : काम माणसांनी केलं, अगदी खरं. पण ज्या ओव्या फक्त वहीत उतरल्या, त्यांची चाल कुठे आहे? ओवीचे शब्द वाचताना ती दोन-तीन ओळींची दिसते. गाताना तीच बाई एखादा शब्द मागे घेते, ‘गं बाई’ घालते, ओळ फिरवून परत म्हणते, खुंटा जोरात फिरला की आवाज वर चढतो. हे लिहिता येत नाही. भाषाशास्त्रज्ञ अ. मा. घाटगे यांनी १९६०-७०च्या सुमारास कुडाळी, वारली, कासरगोडची मराठी यांवर एकेक पुस्तक केलं. फार मोलाची पुस्तकं आहेत, पण ती वाचून कुडाळची बाई हेल कसा काढते ते मला कळत नाही. आता आपल्या शेजारच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर बोलींचं नवं सर्वेक्षण केलं, तेव्हा बोलणाऱ्यांचे आवाजही संकेतस्थळावर ठेवले. ज्याला हवं त्याने ऐकावं.

भाचा : आणि त्या आवाजांत लोक घरी बोलतात तसे बोलतात?

खरा प्रश्न त्याने इथे विचारला. यंत्र समोर आलं की माणूस बदलतो. इंग्रजांच्या काळात झालेल्या ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात ठिकठिकाणच्या बोलींचे नमुने म्हणून उधळ्या मुलाची बायबलमधली गोष्ट त्या त्या बोलीत करून घेतली होती आणि त्यातल्या कितीतरी पुढे ग्रामोफोनच्या तबकड्यांवर चढल्या. ध्वनिमुद्रण म्हणून त्या अमोल आहेत. पण घरात कोणी असं बोलत नाही, ते पाठ केलेलं बोलणं आहे. अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ विल्यम लाबॉव्ह यांनी १९७२च्या आपल्या पुस्तकात हीच अडचण मांडली : लोक कोणी ऐकत नसताना कसे बोलतात हे आपल्याला हवं असतं, आणि ते ऐकायचं तर तिथे जाऊन बसावं लागतं.

भाचा : म्हणून म्हणतो, फोन बरा. आजीच्या घरात दिवसभर कोणाचा तरी फोन पडलेला असतो. तिचं लक्षही जाणार नाही. तुझं हे काळं यंत्र, वर दोन जाळीचे माइक, लाल दिवा, वर तो केसाळ टोप. हे बघितलं की आजी पदर सारखा करेल, घसा खाकरेल आणि शाळेत आल्यासारखी बोलायला लागेल.

मी : करू दे की पदर सारखा. तिचं लक्ष जायलाच हवं. तिला न कळता तिचा आवाज घेणं मला मान्य नाही, मग तू नातू असलास तरी. ओव्यांमध्ये काय काय असतं तुला ठाऊक आहे? सासूचा जाच, नवऱ्याचा मार, माहेरी न पाठवणं, मेलेली लेकरं. जात्यावर बायका ते बोलल्या कारण पहाटे ऐकायला पुरुष जागे नव्हते. तू फोन खिशात ठेवून ते उचलणार?

भाचा : खिशात नाही ठेवणार. समोर ठेवेन, सांगेन.

मी : मग सांगितल्यावर लक्ष जाईलच. तुझा मुद्दाच गेला. एकदा लक्ष जाणारच असेल तर ते चांगल्या यंत्राकडे जाऊ दे.

तो हसला, पण त्याने हार मानली नाही. म्हणाला, सांगणं वेगळं आणि तासभर डोळ्यांसमोर लाल दिवा ठेवणं वेगळं. यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नव्हतं. एवढंच सांगितलं की बिचकणं टिकत नाही. तिसऱ्या-चौथ्या ओवीला हात आणि गळा सवयीने चालू लागतात. म्हणून पहिली काही मिनिटं कामाची धरायची नाहीत, यंत्र मात्र चालू ठेवायचं.

मग मी रेकॉर्डर त्याच्या हातात दिला. लावायला शिकण्यात पुढचा बराच वेळ गेला. बाजारात झूम, टास्कॅम, सोनी यांची खिशात मावणारी यंत्रं मिळतात. बटणांच्या जागा वेगळ्या असल्या तरी गोष्टी त्याच.

मी : आधी नवे सेल घाल आणि यंत्राला सांग सेल कोणते आहेत, साधे अल्कलाइन की पुन्हा चार्ज होणारे. नाहीतर उरलेल्या चार्जचं चित्र खोटं दिसतं. तारीख-वेळ लाव. सेल बराच काळ काढून ठेवले की घड्याळ विसरतं, आणि मग सगळ्या फाइलींवर भलतंच साल पडतं. कार्ड संगणकावर पुसू नकोस, याच यंत्रात फॉरमॅट कर. त्याआधी कार्डावर काही राहिलंय का ते बघ.

भाचा : आणि हे एमपीथ्री, वेव्ह?

मी : वेव्ह. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. स्टिरिओमध्ये तासाला साधारण एक जीबी जागा लागते. ३२ जीबीच्या कार्डावर तीस तास मावतील, तुझी आजी तेवढं गाणार नाही. एमपीथ्री जागा वाचवतं, पण वाचवताना जे काढून टाकतं ते परत मिळत नाही. वेव्हचं एमपीथ्री केव्हाही करता येतं, एमपीथ्रीचं खरं वेव्ह होत नाही.

भाचा : ऑटो लेव्हल चालू ठेवतो.

मी : बंद. फोनबद्दल इतका वेळ भांडले ते याचसाठी. ऑटो ठेवलंस तर आजी श्वास घ्यायला थांबली की यंत्र घाबरून सगळं वर उचलतं, जातं अंगावर आल्यासारखं होतं आणि ती गायला लागली की परत खाली जातं. लेव्हल हाताने लाव. मीटरवर बघ, शून्याच्या पुढे आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. सगळ्यात मोठा आवाज उणे बाराच्या आसपास आला पाहिजे. पण ही लेव्हल ‘आजी, एक दोन तीन म्हण’ असं म्हणवून लावू नकोस. बोलताना ती हळू बोलेल आणि गाताना दुप्पट जोर लावेल. जात्यावर बसवून, खुंटा धरून एक ओवी म्हणू दे आणि तेव्हा लाव.

भाचा : ठेवू कुठे? जात्याजवळ जमिनीवर?

याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. जात्याचा आवाज दोन वाटांनी येतो. एक हवेतून, तो हवाच आहे. दुसरा जमिनीतून, आणि तो घात करतो. दगडावर दगड फिरतो तेव्हा सारवलेली जमीनसुद्धा कापते. यंत्र तिच्यावर ठेवलं तर ध्वनिमुद्रणात खाली एक सतत गडगडाट बसतो, गाताना लक्षात न आलेला, नंतर ऐकताना डोकं उठवणारा. म्हणून खाली घडी घातलेली घोंगडी, तिच्यावर पाट किंवा छोटं स्टूल, आणि त्यावर रेकॉर्डर. तोंडाच्या उंचीच्या जवळपास, गाणारीपासून हातभर अंतरावर, जात्याच्या पलीकडे नव्हे तर तिच्या बाजूला. अंतर निम्मं केलं की गळ्याचा आवाज सहा डेसिबलने वाढतो. जातं आहे तिथेच राहतं. म्हणजे नुसतं यंत्र सरकवून गळा आणि दगड यांतलं नातं ठरवता येतं. दोघी बसणार असतील, एक खुंटा धरायला आणि एक साथीला, तर दोघींच्या मध्ये पण किंचित मुख्य गाणारीकडे झुकतं ठेवावं.

भाचा : या यंत्रात लो-कट आहे. तो लावला की खालचा गडगडाट जाईल, घोंगडीची भानगडच नको.

मी : लो-कट खालची कंपनं सरसकट कापतो. दारातून वारा येत असेल तर लाव, नाइलाज म्हणून. पण जात्याचा जीव त्याच खालच्या आवाजात आहे. तो कापलास तर कोणी बाई रिकाम्या खोलीत ओवी म्हणतेय असं वाटेल. आवाज नंतर कापता येतो, आधी कापलेला जोडता येत नाही.

भाचा : आणि आजीच्या घरचं जातं कोपऱ्यात उभं करून ठेवलंय. गावात गिरणी आहे. लग्नाच्या हळदीला तेवढं काढतात. जात्याशिवायच म्हणाली तर?

मी : दोन्ही घे. आधी जात्याशिवाय, तिला आठवायला वेळ मिळेल. मग जमलंच तर कोणाला तरी खुंट्याला हात लावायला सांग, मूठभर दाणे घालून. नुसतं रिकामं फिरवू नका, दगडाला दगड घासला की आवाज वेगळा येतो आणि जातंही झिजतं. शरीर फिरायला लागलं की विसरलेल्या ओव्या वर येतात, हे ओव्या गोळा करणाऱ्यांकडून ऐकलंय आणि मला ते पटतं.

मी त्याला सराव म्हणून माझंच बोलणं घ्यायला लावलं. वाक्याच्या मधोमध डोक्यावरून विमान गेलं. येरवड्यात राहणाऱ्याला लोहगावची विमानं ऐकू येईनाशी होतात. हेडफोन घातला की कळतं ती केवढी आहेत. त्याने बटण दाबून थांबवलं.

मी : थांबवायचं नाही. विमान जाईपर्यंत मी गप्प बसेन आणि वाक्य पहिल्यापासून म्हणेन. तू चालू ठेव.

भाचा : आणि आजी ओवी म्हणत असताना बाहेर एसटीचा हॉर्न वाजला तर? तिला परत म्हणायला लावू?

मी : हो.

भाचा : नाही लावणार. दुसऱ्यांदा म्हणेल ती ओवी वेगळी असेल. ती मला ऐकवायला म्हटलेली असेल. हॉर्न राहू दे. कोंबडा राहू दे. माझ्या मामीने हाक मारली तर तीही राहू दे, ते तिचं घर आहे.

यावर आम्ही दोघं अडून बसलो. मला अजूनही वाटतं, शब्द बुडाला असेल तर परत विचारलं पाहिजे. पण कोंबड्याबद्दल आणि हाकेबद्दल त्याचं बरोबर आहे. घर म्हणजे गोंगाट नव्हे. पंखा आणि टीव्ही तेवढे बंद करायला सांगायचे आणि फ्रीज जवळ असेल तर दुसऱ्या खोलीत बसायचं, इतक्यावर समेट झाला.

या सगळ्या गडबडीत त्याने एक चूक केली, ती जवळजवळ प्रत्येक जण एकदा करतो. रेकॉर्डचं बटण दाबलं, दिवा लुकलुकला, मीटर हलू लागलं, हेडफोनमध्ये आवाजही आला, आणि त्याने मला पाच मिनिटं बोलू दिलं. काहीच उमटलं नव्हतं. काही यंत्रांवर पहिल्या दाबण्याने फक्त तयारी होते, दुसऱ्यांदा दाबल्यावर काम सुरू होतं. दिवा स्थिर आणि आकडे पुढे सरकताना दिसले पाहिजेत. चालू झाल्यावर होल्डची कळ सरकवायची, म्हणजे कोणाचा हात लागून बंद पडत नाही. फोन विमान-मोडवर टाकून लांब ठेवायचा. जवळ असला तर त्याची टिकटिक कधीकधी आवाजात उतरते.

भाचा : आत्या, हा हेडफोन आजीच्या कानाला लावू? आधी तिचंच बोलणं तिला ऐकवतो. मग ती ठरवेल घ्यायचं की नाही.

मला हे सुचलं नव्हतं, आणि मला ते फार आवडलं. मी आतापर्यंत यंत्र लावण्याकडे तयारी म्हणून बघत होते, तो त्याकडे परवानगी म्हणून बघत होता. घोंगडी पसरणं, पाट सरकवणं, एक ओवी म्हणवून लेव्हल लावणं, ऐकवणं, या प्रत्येक वेळी आजीला ‘नको’ म्हणायला जागा मिळते. फोन झटकन पुढे केला तर ती जागा उरत नाही. स्वतःच्या बाजूने बोलताना त्याने माझ्या रेकॉर्डरला सगळ्यात चांगलं कारण दिलं होतं. तसं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, फोनवरही ऐकवता येतं. तेही खरंच.

मी : एक राहिलं. सुरुवातीला तुझ्या आवाजात बोल : तारीख, गाव, आजीचं नाव, कोणकोण बसलंय, जातं चालू आहे की नाही. आणि आजीने होकार दिलाय, कशासाठी दिलाय, तेही तिच्याच तोंडून.

भाचा : फाइलला नाव देईन की नंतर.

मी : नंतर कोणी देत नाही. डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८पासून चालू आहे. एक कोटीच्या घरात चिठ्ठ्या आहेत, कपाटंच्या कपाटं. चिठ्ठीवर शब्द असतो आणि तो कुठल्या ग्रंथात कुठे आला हेही असतं. ठिकाण नसलेली चिठ्ठी कितीही सुंदर अक्षरात असली तरी तिच्यावरून काही सिद्ध करता येत नाही. मी अशी ध्वनिमुद्रणं ऐकली आहेत की बाई अप्रतिम गातेय, आणि ती कोण, कुठली, कोणालाच सांगता येत नाही. तिचं गाणं राहिलं, तिचं नाव गेलं. हे पाप आहे असं मला वाटतं.

आणि त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवून ठेव, एक प्रत घरातल्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी. ओव्यांचं ते सगळं ध्वनिमुद्रण ज्या डिजिटल टेपवर झालं, त्या टेपची यंत्रं बनवणं सोनीने २००५मध्ये थांबवलं. वेळेवर दुसरीकडे उतरवलं नसतं तर टेप हातात असूनही आवाज मिळाला नसता. कार्डं तर त्याहून लवकर मरतात. एक प्रत आजीकडेही जायला हवी, तिला वाजवता येईल अशी.

भाचा : ती फोनवरच वाजवेल.

मी : तिच्यासाठी एमपीथ्री कर.

भाचा : आणि एवढं सगळं करून ती म्हणाली, ‘ऐक तू, पण त्याच्यात नको घालूस’?

मी : तर रेकॉर्डर पिशवीत. पुढ्यात ठेवून आग्रह करायचा नाही.

भाचा : मग ओव्या जातील, आत्या. तिच्यानंतर त्या घरात कोणाला येत नाहीत.

मी : लिहू का, असं विचार. लिहिण्याला पुष्कळदा हरकत नसते. सेलच्या शेजारी एक जाड वही आणि दोन पेनं टाक. आणि ती म्हणेल तशीच लिही, तुझ्या शाळेतल्या शुद्धलेखनात बसवू नकोस.